मारुतीआप्पांचं विमान आणि गुणाबाईचं खळं

मारुतीआप्पा शिप्पूरकरांचं पहिलं वाक्य कधी पुरं झालेलं कुणी ऐकलेलं नाही. आधी घसा खाकरायचा. मग डाव्या हाताने टोपी मागं सरकवायची. मग "म्हंजे कसं..." एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प म्हणजे इतका वेळ गप्प, की समोरचा दलाल आपणहून कबूल व्हायचा, "बरं बाबा, तुमचंच खरं." निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत बाकी सगळे घसा फुटेपर्यंत ओरडतात. ओरडणाऱ्यांत हा एकटा न ओरडणारा, आणि वखार सगळ्यांत मोठी त्याची.

असा माणूस विमान घेतो, आणि निपाणीला घेतो, हे बेळगावच्या लोकांना आजसुद्धा खोटं वाटतं. बेळगावकर ऐकतात, हसतात आणि विचारतात, "निपाणीला? तिथं तर रेल्वे पण नाही." नेमकं दुखतं तिथंच बोट.

रेल्वे नाही हे खरं. पुण्याहून मिरजेवरून बेळगावला जाताना ती निपाणीला दुरून वळसा घालून जाते. आप्पांचे वडील बैलगाडीवाले. तागाच्या जाड पोत्यात तंबाखू ठासून भरतात, त्या पोत्याला इकडं बोद म्हणतात. असे बोद गाडीत रचून ते चिकोडी रोड स्टेशनला पोचवायचे. जायला दोन दिवस, यायला दोन. आप्पा नऊ वर्षांचे असताना पहिल्यांदा बरोबर गेले. स्टेशनात गाडी आली, धूर सोडला, बोद गिळले आणि निघून गेली. पोरगं रुळाकडं बघत राहिलं.

"दादा, ही आपल्याकडं का येत न्हाई?"

वडील बैलांना पेंड चारत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला आपलं गाव ठावं न्हाई."

आप्पांनी ही गोष्ट आयुष्यात तीनच माणसांना सांगितली. पहिली राजाबाई, म्हणजे त्यांची बायको. दुसरा मष्णू फिटर. तिसरे श्रीपादमास्तर, जे बेळगावची शाळा सोडून आप्पांची इंग्रजी पत्रं लिहायला निपाणीला आले. तिघांकडून मी ती ऐकली आहे. तिघेही "ठावं न्हाई" म्हणताना आवाज खाली आणतात. मास्तर तर स्वतः "ठाऊक नाही" म्हणणारे, पण त्या एका जागी तेही "ठावं न्हाई" म्हणतात.

पुढं काय, तर दुसऱ्याच्या वखारीत बोद उचलणे, मग बोद पारखणे, मग स्वतःची वखार. पान नुसतं बोटात चुरून वासावर सांगायचे, की हे कुठल्या शिवारातलं, आणि कापल्यावर त्याला दव किती मिळालं. बेळगुंदीची राजाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला हे काही पटायचं नाही. ती भाताच्या गावची, खळ्यावर वाढलेली. "खाता येत न्हाई असलं पीक कशाला लावायचं?" असं ती पहिल्या वर्षी सासूला विचारून बसली होती. सासूने नुसती तपकीर ओढली.

आता पेठेतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बसलेलं आहे. सौदा तोंडाने करायचा नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं, किती वेळा, त्यावर आकडा. वर दोघांचे चेहरे मात्र असे, की जणू कुणाच्या तेराव्याला बसलेत. आणि रुमालाखाली ठरलं ते बाहेर बोलायचं नाही. बापाने मुलाला सांगायचं नाही, नवऱ्याने बायकोला सांगायचं नाही. वेळ आली की ते पाळायचं, बस. कागद फाटतो म्हणून निपाणीत खटले झाले आहेत. रुमालाखालच्या शब्दावर एकही झालेला नाही.

तर विमान. आप्पांनी पहिलं विमान बघितलं ते बेळगावला, कॅम्पच्या मैदानावर. कुणी गोरा वैमानिक आला होता, लोकांना एकेक घिरटी मारून आणायचा. आप्पा उन्हात दोन तास उभे. मग श्रीपादमास्तरांना म्हणाले, तेव्हा नुकतीच ओळख झालेली, "मास्तर, जरा साहेबाला विचारा, हिला रूळ कुठनं कुठवर हाईत?"

मास्तर म्हणाले, "अहो, परंतु आप्पा, ही हवेतून जाते. हिला रूळ कशाला?"

"तुम्ही विचारा तर."

मास्तरांनी विचारलं. साहेब हसला आणि हाताने सगळं आभाळ दाखवलं. आप्पा परतीच्या मोटारीत एक अक्षर बोलले नाहीत. घरी पाटावर बसले, पहिला घास हातात तसाच धरून राजाबाईला म्हणाले, "रूळ लागत न्हाईत."

"कशाला?"

राजाबाई म्हणते, "मला तवाच कळालं, हे आता कायतरी करनार. वरणावर साय आली तरी जेवंनात."

एक्केचाळिसाव्या वर्षी आप्पा मुंबईला जाऊन विमान शिकले. दुभाषे म्हणून मास्तर बरोबर. शिकवणारा साहेब दोन बैठकांमधल्या बोलायच्या रबरी नळीतून ओरडायचा, "लेफ्ट! लेफ्ट!" आप्पा म्हणायचे, "म्हंजे कसं..." आणि तोवर विमान उजवीकडं झुकलेलं असायचं. मास्तर खाली मैदानावर डोळे मिटून रामरक्षा म्हणत उभे. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "नाक वर", "नाक खाली", "डावा पाय" असं लिहून ते आप्पांच्या समोर डकवलं. साहेबाला वाटलं मंत्र आहेत. तीन महिन्यांनी त्याने सर्टिफिकेट दिलं आणि म्हणाला, "हा माणूस काही बोलत नाही, पण याचे हात ऐकतात." हे वाक्य मास्तर फार तब्येतीत सांगतात, आधी साहेबाच्या आवाजात इंग्रजीत आणि मग स्वतःच्या आवाजात मराठीत.

विमान जुनंच घेतलं. दोन पंखी, दोन बैठकांचं, वर छप्पर नसलेलं. पुढं पाहुणा आणि मागं चालवणारा. दसऱ्याला ते निपाणीवर आलं तेव्हा सगळं गाव माळावर. मष्णू फिटर तोवर पिठाच्या गिरणीची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने विमानाभोवती एक फेरी मारली, झाकण उघडून आत बघितलं आणि निकाल दिला, "इंजान म्हंजे इंजान. गिरणीला पट्टा हाय, हिला पंखा हाय. मग काय तर." त्या दिवसापासून तो विमानाचा फिटर.

पण विमान मिरवण्यासाठी घेतलं नव्हतं. मुंबईहून दक्षिणेला टपाल नेणारी एक विमान कंपनी वाटेत एक थांबा शोधत होती. आप्पांना तो निपाणीला हवा होता. टपाल आज उतरलं तर उद्या माल उतरेल, परवा माणूस. पेठेतल्या प्रत्येक पाकिटावर अजून 'व्हाया चिकोडी रोड' लिहितात. ते खोडायचं होतं. आप्पा आयुष्यात एवढं एकच मागत होते, की बाहेरून येणाऱ्या एका तरी गोष्टीला आपलं गाव ठावं असावं.

त्यासाठी त्यांनी गावाबाहेरचा माळ घेतला होता. सात जणांच्या पट्ट्या मिळून एक लांब सपाट तुकडा. दगड वेचले, मुरूम टाकला, दगडी रूळ फिरवून फिरवून तो तळहातासारखा केला. पेठेपासून माळापर्यंत सडक केली, सरळ, दोन बैलगाड्या शेजारून जातील अशी रुंद. कामावरच्या माणसांना पाणी लागतं म्हणून वाटेत विहीर पाडली. लोक म्हणाले, विमानाला सडक कशाला, ते काय चालत येणार आहे? आप्पांनी टोपी मागं सरकवली.

सातांतल्या सहा जणांशी रुमालाखाली बोटं दाबून एका दुपारी झालं. सातवी गुणाबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दीर शेजारीच आणि जमिनीवर डोळा ठेवून. तिची पट्टी बरोबर मधोमध, आणि त्यात तिचं खळं. दीर म्हणाला, "वैनीच्या वतीनं मी बसतो की रुमालात."

गुणाबाईचा आवाज सगळ्या शिवाराला पुरतो. ती म्हणाली, "तू कशाला रं? खळं माझं, तर हात बी माझाच."

"बायमानसानं परक्या गड्याच्या हातात हात द्यायचा?"

"मग बाई आना."

म्हणून आप्पांनी राजाबाईला बोलावलं. दोघी बोरीच्या झाडाखाली बसल्या, राजाबाईने आपला पदर दोघींच्या हातांवर ओढला. आप्पा आणि दीर पाठ करून उभे. पट्टीचं ठरलं. आता हात सोडायचे, तर गुणाबाई सोडेना. तिने राजाबाईची पाचही बोटं दाबली. पुन्हा पाच. पुन्हा पाच. आणि सगळ्या शिवाराला पुरणारा आवाज कधी नव्हे तो कानाशी आणून म्हणाली, "पौषात."

राजाबाईला कळलं. ती खळ्यावर वाढलेली. तंबाखू कापून झाली की पानं पसरायला सपाट, कडक, धूळ नसलेली जमीन लागते. पहाटेचं दव खायचं, दिवसाचं ऊन खायचं, अशी आठपंधरा दिवस परतत राहायची. ती जागा गेली तर गुणाबाईने पान वाळवायचं कुठं? दिराच्या अंगणात? दरवर्षी पौषातले पंधरा दिवस हा तुकडा माझा, असं ती मागत होती. राजाबाईने एक क्षण विचार केला आणि तिची बोटं दाबली. झालं.

आप्पांना तिने हे सांगितलं नाही. रुमालाखालचं होतं. पौष आला की बघू, म्हणाली मनात.

पौष आला आणि नशिबाने वाटच करून दिली. संक्रांतीच्या तोंडावर आप्पा मष्णूला घेऊन बेळगावला उडाले, आणि तिथं उतरल्यावर इंजिनातला एक भाग जळाला. नवा मुंबईहून रेल्वेने यायचा. आप्पा आणि मष्णू बेळगावला अडकले. कंपनीचा साहेब माघात जागा बघायला यायचा होता, त्यामुळे घाई नव्हती. इकडं गुणाबाईने रिकामा माळ बघितला, बाया बोलावल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पानं पसरली. असलं खळं तिच्या आज्यापणज्यांनी बघितलं नव्हतं. एक खडा नाही. रोज सकाळी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "विमान लई गुणाचं बाई."

दहाव्या दिवशी तो भाग बेळगावला आला. मष्णूने बसवला, इंजिन सुरू करून ऐकलं, "मग काय तर" म्हणाला. आणि त्याच सकाळच्या मेलने कंपनीचा साहेब बेळगाव स्टेशनात उतरला. माघाची वाट न बघता. हातात एक पेटी, तोंडात चिरूट, आणि कामापुरती मराठी येणारा. कॅम्पात विमान उभं आहे हे कळल्यावर तो थेट तिथंच आला आणि आप्पांना म्हणाला, आजच दाखव, दुपारच्या गाडीने मला पुढं जायचं आहे. माझं मत झालं तर निपाणी, नाहीतर दुसरं गाव बघतो.

आप्पांनी तार केली: साहेबासह अकराला येतो, माळ तयार ठेवा.

तार नऊ वाजता वखारीत आली. मास्तरांनी वाचली, धोतर सावरलं आणि पळत राजाबाईकडं.

"वहिनी! अहो, साहेब येतोय! अकरा वाजता! माळ मोकळा करवा."

राजाबाई आणि मास्तर माळावर पोचले तेव्हा दव उडून गेलं होतं, आणि वाळलं पान दवात नरम असतानाच उचलता येतं. गुणाबाईने एक पान उचललं, मुठीत दाबलं आणि मूठ उघडली. हातात तपकिरी भुगा.

मास्तर म्हणाले, "परंतु थोडं नुकसान झालं तरी... हे पाहा, गावाचा प्रश्न आहे. वहिनी, आप्पांच्या जन्माचा प्रश्न आहे!"

राजाबाई काही बोलली नाही. पुढं मास्तर सांगतात, की त्या दिवशी त्यांना वाटलं, नवऱ्याची सवय बायकोला लागली.

गुणाबाईनेच तोंड उघडलं. "राजाक्का, उचलायला लावू काय बायांना? भुगा तर भुगा. तेवढं तर तेवढं."

"वर्षभर खाशील काय?"

"बघू की. दीर हाय."

दीर हाय, हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज राजाबाई मला करून दाखवते. आवाज असा काही खास नाही. साधाच आहे. पण तो तिच्या नेहमीच्या आवाजाच्या निम्म्यानेसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ दे," राजाबाई म्हणाली. "पंधरातलं अजून सहा दिस तुजं हाईत."

"आनि आप्पांस्नी काय सांगशील?"

"वर हाईत ते. वरनं दिसंल त्यास्नी."

"दिसंल, पर कळंल काय?"

गुणाबाईचं खरं होतं. आप्पांना वाटणार, कुणी अडाण्याने चुकून पसरलीय. उतरले तर चाकाखाली आणि पंख्याच्या वाऱ्याने सगळं पीक उडून जाणार. कागदावर माळ आप्पांचा. उतरायचा त्यांना पुरा हक्क. आणि विमानाला खालून हाक ऐकू जात नाही.

अकराला घरघर आली.

आता वरची हकीकत. ही आप्पांनी एकदाच सांगितली आणि तीही मष्णूला, बेळगावहून परतताना सर्व्हिस मोटारीत. मष्णू सांगतो तेव्हा खाकरणं आणि टोपीसकट सांगतो.

विमान माळावर आलं तेव्हा आप्पांना खाली तपकिरी पट्टी दिसली. कुणाला शेत वाटलं असतं. आप्पांना एका नजरेत कळलं, पान आहे, आठ दिवसांचं, कडक वाळलेलं. पुढच्या बैठकीत साहेबाने नळी तोंडाला लावली.

"हाच का तुमचा माळ?"

"व्हय, साहेब."

"त्यावर काय आहे?"

"तंबाखू."

"मग उतरा. झाडाचा पाला आहे, विमानाला काही होणार नाही."

"विमानाला न्हाई व्हनार, साहेब," आप्पा म्हणाले. एवढं पुरं वाक्य ते त्या दिवशी कसं बोलले, मष्णूला अजून नवल आहे.

तरी त्यांनी नाक खाली केलं. मष्णूपासून त्यांनी हे लपवलं नाही. मनात होतं, की ज्याची असेल त्याला भरपाई देऊ, दुप्पट देऊ, पण आज उतरायचंच. चाळिशी ओलांडलेला माणूस, नऊ वर्षांचा असल्यापासून वाट बघतोय. विमान खाली खाली आलं. आणि पट्टीच्या ह्या टोकाला एक बाई उभी दिसली. हिरवं लुगडं. उजवा हात वर. स्वागत करतीय, वाटलं. आणखी खाली आल्यावर दिसलं, हात हलत नाही. वर धरलेल्या हातावर पदर टाकलेला आहे, मनगटापासून बोटांपर्यंत झाकलेला. तसा हात निपाणीत एकाच कामाला झाकतात.

तिच्या शेजारी गुणाबाई.

आप्पांना बोरीचं झाड आठवलं, पाठ करून उभं राहिलेलं आठवलं, आणि दोघींचे हात सुटायला लागलेला तो जास्तीचा वेळ आठवला. तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायका आहेत, मोजायला वेळ लागतोय.

त्यांनी नाक वर केलं. विमान दोघींच्या डोक्यावरून पुरेशा उंचीने गेलं. मास्तर शपथेवर सांगतात, एक पान हललं नाही. मग मोठी घिरटी घेऊन ते बेळगावच्या दिशेला वळलं आणि ठिपका होऊन गेलं. गुणाबाई वाकून पानं परतायला लागली. राजाबाईचा हात बराच वेळ वरच राहिला होता. मास्तरांनी "वहिनी, गेले ते" म्हटल्यावर खाली आला.

नळीतून साहेब विचारत राहिला, "काय झालं? का नाही उतरलात?" आप्पा म्हणाले, "म्हंजे कसं..." आणि बेळगाव येईपर्यंत गप्प.

साहेबाला त्यांनी स्वतः स्टेशनात नेऊन बसवलं. गाडी सुटली तेव्हा आप्पा फलाटावर रुळाकडं बघत उभे होते. विमान दुरुस्त होतं, तरी ते कॅम्पात झाकून ठेवलं आणि मष्णूबरोबर सर्व्हिस मोटारीने निपाणीला आले. मष्णू म्हणाला, "आप्पा, उडून जाऊ की."

"उतरनार कुठं? पान अजून पाचसा दिस पडनार तिथं."

मष्णूला काही कळलं नाही. तेव्हा मोटारीत आप्पांनी सांगितलं.

घरी पाट मांडला होता. राजाबाईने वाढलं. पहिला घास आप्पांच्या हातात तसाच.

"म्हंजे कसं..."

"पंधरा," राजाबाई म्हणाली.

"दर पौषात?"

"दर पौषात."

"मला आधी सांगायचं हुतंस."

"पदराखालचं? तुम्ही सांगितलंयसा कधी, रुमालाखालचं?"

आप्पांनी डाव्या हाताने टोपी मागं सरकवायला हात वर नेला. जेवायला बसताना टोपी काढलेली होती. हात तसाच केसांवरून फिरवला आणि जेवले.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. मास्तरांनी भाषांतर करून वाचलं: जागा उत्तम आहे, परंतु बारमाही उपलब्ध असल्याचे दिसत नाही, सबब निपाणीचा विचार सोडण्यात येत आहे. मास्तर संतापले होते. "मी उत्तर लिहितो. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, दुसरी सोय करू म्हणून कळवतो. गुणाबाईंना दुसरीकडे खळं करून देता येईल, आप्पा!"

"दिलंय की खळं," आप्पा म्हणाले. "तिचंच तिला." मग म्हणाले, "त्यांनी लिवलंय ते खरंच लिवलंय, मास्तर. पत्ता काय घातलाय पाकिटावर?"

मास्तरांनी पाकीट उलटं केलं. निपाणी, जिल्हा बेळगाव, व्हाया चिकोडी रोड.

पेठेने काही सोडलं नाही. न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या ठेल्यावर, आप्पा ऐकत असताना सुद्धा. "पाल्यापायी विमान घालवलं." "नाव मारुती, पन उडी बेळगावपातूर." कुणी म्हणायचं, बायकोच्या पदराखाली गेला. आप्पा ऐकायचे. एकदा फक्त मष्णूला म्हणाले, "माझा बा म्हनायचा, तिला आपलं गाव ठावं न्हाई. आता तसं म्हनाय येत न्हाई. साहेब डोक्यावरनं बघून गेला." मष्णू ही गोष्ट इथं थांबवतो आणि उगाच हातातलं फडकं झटकतो.

पुढच्या पौषाआधी गुणाबाई वखारीच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज पूर्वीसारखा झालेला. "आप्पा, औंदा दोन शेजारनींची बी टाकू काय? तुमच्या इमानाला अडचन न्हाई नव्हं?"

आप्पांनी मष्णूला बोलावलं, बैल जोडले आणि पानं पसरायच्या आधी माळावर दगडी रूळ फिरवून घेतला. स्वतः मागं चालत, पायाने खडा लागला की उचलत. त्या वर्षी पाच घरांची तंबाखू पडली. त्याच्या पुढच्या वर्षी लोकांनी मोजायचंच सोडून दिलं. पौषात विमान बेळगावला जाऊन राहायचं, माहेरवाशिणीसारखं. बाकीचे साडेअकरा महिने आप्पा उडायचे. कधी पुढच्या बैठकीत मष्णू, कधी मास्तर, रामरक्षेसकट. गुणाबाई एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "माझं खळं वरनं केवढंसं दिसतंय गं," आणि आप्पांवर दिवसभर रुसली, जसं काही त्यांनीच ते लहान केलं.

लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने खाजगी विमानं मागून घेतली. मष्णूने पंखा तेलाने पुसून दिला, नेणाऱ्या सोल्जराला गिरणीच्या इंजिनाचे दोन उपदेश केले आणि घरी जाऊन दोन दिवस बाहेर आला नाही. मग सरकारने बेळगावजवळ सांबऱ्याला मोठा विमानतळ केला. बेळगावला रेल्वे होतीच, आता विमानही झालं. निपाणीत त्या दिवशी कुणी आप्पांकडं बघून हसलं नाही.

पण माळ राहिला आणि सडक राहिली. वाळलेली तंबाखू माळावरून उचलायची तर वखार जवळ हवी, म्हणून पहिली नवी वखार सडकेवर बांधली ती आप्पांना नावं ठेवणाऱ्या दलालानेच. मग दुसरी. विहिरीवर बाया आल्या, म्हणून घरं आली. घरांत पोरं आली, म्हणून शाळा आली, आणि ती मास्तरांनी चालवली. सडकेला दिवे लागले. जुनी निपाणी पेठेभोवती गोल होती. आता ती एका बाजूला हात लांब केल्यासारखी वाढलेली आहे, विमानाच्या दिशेने.

विमानाच्या दिशेने असंच म्हणतात. गेल्या वर्षी नगरपालिकेने सडकेला नाव द्यायचं ठरवलं. आप्पांना सभेला बोलावलं, नाव तुमचं देऊ म्हणाले. आप्पा उभे राहिले, घसा खाकरला, टोपी मागं सरकवली, "म्हंजे कसं..." सभा वाट बघत राहिली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. शेवटी त्यांनी पुढचा विषय घेतला, आणि सडकेला नाव द्यायचं तसंच राहून गेलं.

त्यामुळे यंदाच्या पौषातही सकाळी सकाळी त्या सडकेवर बायांची रांग लागते आणि विहिरीवरची एखादी विचारते, "कुठं चाललीस गं?"

"विमानावर. पानं परतायला."

माळाच्या कडेला दगडी रूळ पडलेला आहे. त्यावर आप्पा बसलेले असतात, शेजारी घोंगड्यावर राजाबाई, आणि त्या टोकाला गुणाबाई बायांवर ओरडत असते. परवा सांबऱ्याकडचं एक विमान बरंच खालून गेलं. सगळ्यांच्या माना वर. आप्पांची तेवढी खाली होती. पानं हलतात का, ते ते बघत होते.